अंतःकरणाचा पालट

मनुष्याचा स्वभाव पालटतो काय, हा प्रश्न फार जुना आहे. आणि आमच्या मराठी भाषेनें त्याचें उत्तर बहुधा नकारार्थीच देऊन ठेविलें आहे. ‘जित्याची खोड मेल्यावांचून जात नाहीं,’ असें आम्ही घरोघरीं ऐकतों. ‘कडू कारलें तुपांत तळलें, साखरेंत घोळलें, तरी कडू तें कडूच,’ ही म्हण तर शाळेंतल्या लहान मुलांसहि ठाऊक असते. परंतु ज्या लोकांनीं ह्या म्हणी केल्या, त्यांनींच वाल्या कोळ्याची कथाहि जपून ठेविली. वाटसरूंना लुटणारा वाल्या पुढें वाल्मीकि झाला, हें सांगतांना आम्ही शेवटावर भर देतों आणि मधला भाग घाईनें उरकतों. वाल्या एका रात्रींत वाल्मीकि झाला नाहीं. अंगावर वारूळ चढेपर्यंत तो एका जागीं बसून राहिला. वारूळ चढावयास किती काळ लागतो, हें ज्यानें शेताच्या बांधावर पाहिलें असेल त्यास सांगावयास नको.

ख्रिस्ती श्रद्धेनें दुःखी, भरकटलेल्या अथवा दुराचारी मनुष्याचें आयुष्य पालटतें, असें आमच्या उपासनामंदिरांत व शास्त्रपाठाच्या तासाला वारंवार सांगितलें जातें. तें खरें आहे असा आमचा विश्वास आहे. परंतु तें कसें घडतें, किती काळांत घडतें, कशाचा पालट होतो आणि कशाचा होत नाहीं, ह्याचा विचार क्वचितच होतो. आणि तो न झाल्यामुळें पुष्कळ प्रामाणिक तरुणांची निराशा होते. एखाद्या सभेंत मन हेलावतें, डोळ्यांत पाणी येतें, निश्चय होतो. आणि पंधरा दिवसांनीं जुना राग, जुनी लबाडी, जुनी उदासी पुन्हां दारांत येऊन उभी राहते. मग तो तरुण ‘माझी श्रद्धा खोटी होती’ असें तरी म्हणतो, नाहीं तर ‘श्रद्धा ही चीजच खोटी’ असें म्हणून मोकळा होतो. असा कोणताहि निकाल देण्यापूर्वीं एका मनुष्याचें चरित्र नीट पाहावें, एवढ्यासाठीं आम्ही हें लिहीत आहों. तो मनुष्य म्हणजे अठराव्या शतकांतील जॉन न्यूटन. गुरुत्वाकर्षणाचा शोध लावणारा न्यूटन तो हा नव्हे. हा आधीं खलाशी, मग गुलामांच्या जहाजाचा कप्तान, आणि अखेरीस पाळक. ‘अमेझिंग ग्रेस’ हें जगभर गाइलें जाणारें इंग्रजी गीत त्याचेंच.

न्यूटनचा जन्म १७२५ सालीं लंडन शहराच्या वॉपिंग ह्या नदीकांठच्या वस्तींत झाला. बाप व्यापारी जहाजाचा कप्तान. तो घरीं असे थोडा आणि समुद्रावर असे फार. आई एलिझाबेथ भाविक होती. मूल चार वर्षांचें होतें न होतें तोंच तिनें त्यास वाचावयास शिकविलें, स्तोत्रें व प्रश्नोत्तरें पाठ करून घेतलीं, आणि ह्यानें पाळक व्हावें अशी इच्छा मनांत धरिली. परंतु १७३२ सालीं ती क्षयानें वारली. मुलाला तेव्हां सातवें वर्षहि पुरें झालें नव्हतें. बापानें दुसरें लग्न केलें. मुलाची शाळा दोनएक वर्षांत आटोपली, आणि अकराव्या वर्षीं तो बापाबरोबर जहाजावर चढला.

पुढचीं दहा वर्षें म्हणजे घसरण. मध्यें मध्यें त्यास आईची शिकवण आठवे. मग तो उपासतापास करी, मांस सोडी, प्रार्थनेचा सपाटा लावी, आणि थोड्याच दिवसांत तें सर्व सोडून पूर्वींपेक्षांहि खालीं जाई. अशा स्वतःच्याच बळावर केलेल्या सुधारणा त्यानें तीन-चार वेळां करून पाहिल्या. १७४४ सालीं त्यास सरकारी लढाऊ जहाजावर बळजबरीनें नेण्यांत आलें. त्या काळीं इंग्लंडांत आरमाराला माणसें कमी पडलीं म्हणजे शिपायांच्या टोळ्या बंदरांत फिरून तरुणांस धरून नेत. आमच्याकडील वेठीचाच हा प्रकार. जहाजावर एका सोबत्यानें त्याची उरलीसुरली देवभीरुताहि घालविली. दुसऱ्या वर्षीं तो पळाला, पकडला गेला, सर्व खलाशांसमोर त्यास फटके मारण्यांत आले व त्याचा हुद्दा काढून घेण्यांत आला. कप्तानाचा खून करावा कीं समुद्रांत उडी घ्यावी, एवढाच विचार त्याच्या मनांत घोळूं लागला. मेरी कॅटलेट नांवाच्या एका मुलीवर त्याचें मन जडलेलें होतें. आपल्या पश्चात् तिनें आपणांस नीच समजूं नये, एवढ्या एका विचारानें आपला हात आवरला, असें त्यानेंच पुढें लिहून ठेविलें आहे.

लढाऊ जहाजावरून त्याची बदली एका गुलामव्यापारी जहाजावर झाली, आणि तेथून तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिएरा लिओननजीकच्या प्लँटन बेटांवर एका गोऱ्या गुलामव्यापाऱ्याच्या चाकरीस राहिला. तेथें त्यास ताप आला. धनी प्रवासास गेला, आणि धन्याच्या आफ्रिकी पत्नीनें ह्या आजारी गोऱ्या पोऱ्याचे हाल मांडले. पाणी मागितलें तर मिळेना. खावयास तिच्या ताटांतलें उष्टें. भुकेनें व्याकुळ होऊन तो रात्रीं शेतांतलीं मुळें उपटून कच्चींच खाई. ह्या दिवसांतील एक गोष्ट आम्हांस वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावीशी वाटते. विक्रीसाठीं साखळदंडांत जखडलेले जे गुलाम तेथें होते, ते आपल्या तुटपुंज्या शिध्यांतून चोरून ह्यास घांस देत.

आमच्या विद्यार्थ्यांस आणखी एका गोष्टीची गंमत वाटेल. अशा दशेंतहि न्यूटनजवळ एक पुस्तक होतें, आणि तें युक्लिडच्या भूमितीचें होतें. समुद्रकांठीं वाळूंत काठीनें आकृति काढून त्यानें त्याचे पहिले सहा भाग हस्तगत केले. भूमितीचा कंटाळा करणाऱ्यांनीं हें वाचून काय तो बोध घ्यावा. आम्ही पुढें जातों.

बापानें लिव्हरपूलच्या एका व्यापारी मित्रास मुलाचा शोध करण्यास विनविलें होतें. १७४७ सालीं त्या व्यापाऱ्याचें ‘ग्रेहाउंड’ नांवाचें जहाज त्या किनाऱ्यावर आलें. किनाऱ्यावरून कोणी धूर केला, जहाज थांबलें, आणि ज्यास शोधावयाचें तोच हातीं लागला. ह्या जहाजानें सोनें, हस्तिदंत, मेण व रंगाचें लांकूड घेत किनाऱ्यानें पुष्कळ महिने घालविले. न्यूटनला त्यावर काम असें नव्हतेंच. त्याचें तोंड इतकें घाणेरडें होतें कीं, शिव्यांत मुरलेल्या त्या कप्तानासहि त्याची लाज वाटे. वाऱ्यांच्या ओढीनें ब्राझीलच्या बाजूनें वळसा घेऊन जहाज न्यूफाउंडलंडपर्यंत गेलें, आणि १७४८ च्या मार्चच्या आरंभीं तेथून घरच्या वाटेस लागलें. वेळ जाईना म्हणून न्यूटननें टॉमस अ केंपिसचें ‘ख्रिस्तानुकरण’ हें पुस्तक सहज उघडलें. वाचतां वाचतां एक विचार आला, ‘हें खरें असलें तर?’ विचार नकोसा वाटला, पुस्तक मिटलें, तो गप्पा मारण्यास गेला व निजला.

त्या काळच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणें ती ९ मार्चची रात्र. मध्यरात्रीं एक प्रचंड लाट जहाजावर फुटली आणि त्याची कोठडी पाण्यानें भरली. तो वर धांवला. शिडीवरच कप्तान भेटला व सुरी घेऊन ये म्हणाला. न्यूटन मागें वळला, आणि त्याच्या जागीं जो दुसरा मनुष्य वर गेला तो त्याच क्षणीं समुद्रांत वाहून गेला. एका बाजूच्या फळ्या निघाल्या होत्या. अंथरुणें, पांघरुणें, अंगावरचे कपडे भोंकांत कोंबून वरून फळ्या ठोकल्या. बंबावर काम करणाऱ्यांनीं लाटांत वाहून जाऊं नये म्हणून स्वतःस दोरांनीं बांधून घेतलें. मेण आणि लांकूड हा पाण्याहून हलका माल होता म्हणून जहाज तरंगत राहिलें. सकाळीं न्यूटन कप्तानाशीं कांहीं बोलत असतां सहज म्हणून गेला कीं, एवढ्यानें भागलें नाहीं तर प्रभूच आपणांवर दया करो. हे शब्द तोंडांतून निघाले आणि तो दचकला. कित्येक वर्षांत देवाच्या दयेची वाच्यता त्यानें प्रथमच केली होती. लगेच दुसरा विचार आला, ‘मजवर दया कशी होणार?’

त्यानंतरचे चार आठवडे वादळाहून कठीण होते. कोंबड्या, डुकरें, मेंढ्या वाहून गेल्या, पिंपें फुटलीं; बाराएक माणसांस दिवसाकाठीं अर्धा खारा मासा अशी पाळी आली. एक मनुष्य गारठ्यानें व उपासमारीनें मेला. ह्या सर्वांस कारण हा नास्तिक न्यूटन, ह्याला योनासारखा समुद्रांत फेंकला पाहिजे, असें कप्तान उघड बोलूं लागला. अखेर ८ एप्रिल रोजीं जहाज आयर्लंडच्या एका खाडींत शिरलें. शेवटचें उरलेलें अन्न त्या वेळीं भांड्यांत शिजत होतें.

ह्या चार आठवड्यांत त्या तरुणाच्या मनांत काय घडलें, तें पाहण्यासारखें आहे. जहाजावर नवा करार होता. तो वाचतांना त्यास उधळ्या पुत्राचा दाखला भेटला. फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडास आणखी एक वर्ष ठेवण्याची विनंति भेटली. तार्ससचा शौल भेटला. पण विश्वास बसेना. तेव्हां लूकच्या अकराव्या अध्यायांतील तेरावें वचन त्याच्या दृष्टीस पडलें: मागणाऱ्यांस स्वर्गींचा पिता पवित्र आत्मा देईल, असा त्याचा आशय. त्यावर न्यूटननें जी विचारसरणी बांधिली ती युक्लिडच्या शिष्यास शोभेल अशीच होती. हा ग्रंथ खरा असेल, तर हें वचनहि खरें असलें पाहिजे. हें वचन खरें असेल, तर मागितल्यानें मिळालें पाहिजे. तेव्हां मागून पाहावें. त्यानें मागावयास आरंभ केला. आमच्या समजुतींत श्रद्धा म्हणजे डोळे मिटून मान तुकविणें. येथें तर ती एक पाऊल टाकून जमीन लागते कीं नाहीं हें पाहण्यासारखी दिसते. पहिल्या पावलापुरताच धीर लागतो, आणि बुडणाऱ्यापाशीं तेवढाच असतो.

आणि हाच पालटाचा पहिला भाग होय. दुःखी वा पतित मनुष्यास आपण पतित आहों हें कोणी सांगावें लागत नाहीं. तें तो रात्रंदिवस जाणत असतो. त्यास माहीत नसतें तें हें कीं, परत जाण्यास घर आहे. न्यूटननें पूर्वीं तीन-चार वेळां केलेली सुधारणा आणि ही ह्यांत फरक इतकाच कीं, पूर्वीं तो घराबाहेर उभा राहून, स्वतःस घरांत घेण्यालायक करण्याची खटपट करीत होता. दाखल्यांतील बापानें मुलगा आंघोळ करून येईपर्यंत वाट पाहिली नाहीं. तो दूर आहे तोंच धांवत गेला. शिव्या त्या दिवसापासून सुटल्या. पुढें १७५० सालीं मेरीशीं त्याचें लग्न झालें, आणि तो संसार चाळीस वर्षें अत्यंत प्रेमानें चालला.

येथवर आलेला वाचक म्हणेल, झालें, कथा संपली. पुष्कळ धार्मिक पुस्तकांत ती येथेंच संपविलेली असते. वादळांतच त्यानें तें प्रसिद्ध गीत लिहिलें, असेंहि कित्येक सांगतात. गीत त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनीं, १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठीं तयार झालें. आणि हल्लीं आपण ऐकतों ती चाल तर त्यास अमेरिकेंत १८३५ सालीं लागली. पण ही किरकोळ चूक झाली. मोठी गोष्ट निराळीच आहे.

आयर्लंडला उतरल्यावर त्याच वर्षीं जॉन न्यूटन गुलाम आणणाऱ्या जहाजावर पहिला मेट म्हणून गेला. १७५० पासून १७५४ पर्यंत त्यानें कप्तान होऊन अशा तीन सफरी केल्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसें विकत घ्यावयाचीं, पुरुषांस दोघां-दोघांस बेड्यांनीं जोडावयाचें, फळीवर पुस्तकें लावावीं तशीं त्यांस तळमजल्यावर लावावयाचें (ही उपमा त्याचीच), आणि अटलांटिक ओलांडून वेस्ट इंडिजमध्यें विकावयाचें. हा व्यापार चालू होता त्या सुमारें साडेतीनशें वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास आफ्रिकी माणसें अशीं जहाजांवर चढविलीं गेलीं, आणि त्यांतील लाखों वाटेंतच मेलीं, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. १७५२ च्या डिसेंबरांत आपल्या जहाजावर गुलामांच्या बंडाचा संशय आला तेव्हां न्यूटननें कांहीं पोरांकडून कबुली काढण्यासाठीं त्यांचे अंगठे लोखंडी चापांत पिळले. हें त्याच्या स्वतःच्या अक्षरांत नमूद आहे.

त्याच जहाजावर दर रविवारीं दोन वेळां तो खलाशांस जमवून स्वतः उपासना चालवी. त्याच्या हातच्या दोन वह्या आजहि शिल्लक आहेत. एक जहाजाची रोजनिशी: किती माणसें घेतलीं, किती मेलीं, वारा कोणता होता. दुसरी त्याच्या आत्म्याची दैनंदिनी: प्रार्थना, पश्चात्ताप, देवाचे आभार. एकाच कोठडींत, एकाच दिव्याखालीं, एकाच लेखणीनें ह्या दोन वह्या लिहिल्या जात. आणि कित्येक वर्षें पहिली वही दुसरीला कांहीं विचारीत नव्हती.

ह्याचा अर्थ काय समजावा? न्यूटन ढोंगी होता म्हणावें, तर तसा पुरावा नाहीं. तो मनापासून प्रार्थना करी. श्रद्धा निष्फळ होती म्हणावें, तर तीहि गोष्ट खरी नाहीं. तिनें त्याची जीभ, त्याचें व्यसन, त्याचें घर पालटलें होतें. आम्हांस दिसतें तें असें: श्रद्धा प्रथम मनुष्याच्या त्या पापांस हात घालते ज्यांस तो स्वतःहि पाप समजतो. ज्यांस सगळा समाज व्यवहार म्हणतो, ज्यावर प्रतिष्ठित लोकांचे वाडे उभे असतात, त्यांपर्यंत तिचा उजेड पोहोंचण्यास फार काळ लागतो. लिव्हरपूलांत गुलामांचा व्यापार हा आबरूदार धंदा होता. आपण तुरुंगाधिकाऱ्यासारखे झालों आहों असें न्यूटनला कधीं कधीं वाटे, आणि याहून बरा धंदा मिळो अशी तो प्रार्थना करी. पण धंदा पाप आहे असें त्यास वाटलें नाहीं, व कोणी तसें सांगितलेंहि नाहीं, हें त्यानेंच लिहिलें आहे. भुकेल्या दिवसांत ज्यांनीं चोरून घांस दिला, त्यांच्याच भावाबहिणींस तो बेड्या घालीत होता.

आम्हीं मराठी लोकांनीं ह्यावर फार आश्चर्य करूं नये. आमच्या देशांतहि देवपूजा आणि शिवाशीव शेंकडों वर्षें एकाच ओसरीवर नांदलीं, आणि ख्रिस्ती मंडळ्यांतहि जात दाराबाहेर वहाणांबरोबर राहिली असें नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. तीं ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस त्यांच्या माहेरचें सोंवळें आठवत असेल. मीठसाखरसुद्धां धुवून घेणारे वडील! नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां ह्या बाई पतीपासून दूर राहिल्या. जात देवानें केली कीं मनुष्यानें, हा प्रश्न त्यांनीं स्वतःच्या मनाशींच झगडून सोडविला, आणि १९०० सालीं त्या ख्रिस्ती झाल्या. त्या कथेंत कोठेंहि वीज चमकत नाहीं. सोंवळ्याचा एकेक पदर सुटत जातो, आणि बाई त्यावर हंसतहि असतात.

न्यूटननें समुद्र सोडला तो सदसद्विवेकामुळें नव्हे, आजारामुळें. १७५४ सालीं चवथ्या सफरीच्या दोन दिवस आधीं बायकोबरोबर चहा घेत बसला असतां त्यास झटका आला व तो तासभर निश्चेष्ट पडला. डॉक्टरांनीं प्रवास मना केला. पुढें लिव्हरपूल बंदरांत जकातखात्यांत नोकरी लागली. फावल्या वेळांत तो ग्रीक व हिब्रू शिकला, पाळक होण्यासाठीं अर्ज केले, नकार मिळाले, आणि १७६४ सालीं दीक्षा मिळून ओल्नी नांवाच्या गरीब खेड्यांत नेमणूक झाली. हातानें लेस विणणाऱ्यांचें तें गांव. येथून पुढें आम्हांस त्यांच्याविषयीं अरेतुरेनें लिहवत नाहीं.

ओल्नीस १७६७ सालीं विल्यम कूपर हे कवि येऊन राहिले. ‘जॉन गिल्पिन’ची घोड्यावरची फजिती ज्यांनीं इंग्रजी पुस्तकांत वाचली असेल त्यांस हें नांव परिचयाचें असेल. एवढी हंसविणारी कविता लिहिणारा हा कवि आयुष्यभर भयंकर विषण्णतेनें पछाडलेला होता. न्यूटनप्रमाणेंच त्यांचीहि आई ते सहा वर्षांचे असतां वारली. १७६३ सालीं त्यांनीं जीव देण्याचा प्रयत्न केला. सेंट ऑल्बन्स येथील एका डॉक्टरांच्या रुग्णालयांत ते राहिले, आणि तेथेंच रोमकरांस पत्र वाचतांना त्यांस ख्रिस्ताची ओळख पटली. कांहीं वर्षें आनंदाचीं गेलीं. न्यूटनसाहेब व ते मिळून गीतें रचूं लागले. १७७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संग्रहांत ३४८ गीतें आहेत. परंतु १७७३ सालीं तें दुखणें उलटलें. देवानें आपणांस कायमचें टाकिलें आहे, ही कल्पना कूपरांच्या मनांत रुतली ती १८०० सालीं मरण येईपर्यंत पुरती निघाली नाहीं. ज्यांचीं गीतें इतरांस धीर देत होतीं, ते स्वतः देवळाच्या आंत पाऊल टाकीनात.

श्रद्धेनें सर्व कांहीं बरें होतें असें सांगणाऱ्यांनीं हें पान गाळूं नये. कूपरांची श्रद्धा कमी पडली असें म्हणणें म्हणजे आंधळ्यास पाहून ‘पाप कोणाचें?’ असें विचारणाऱ्या शिष्यांच्या पंक्तीस बसणें होय, आणि त्या शिष्यांस प्रभूनें काय उत्तर दिलें तें योहानाच्या नवव्या अध्यायांत आहे. मनाचें दुखणें हें तापासारखें, मोडलेल्या हाडासारखें दुखणें आहे. त्यास वैद्य लागतो, औषध लागतें, जवळ माणूस लागतें. ज्यास जीव नकोसा वाटतो त्यास ‘अधिक प्रार्थना कर’ एवढेंच सांगून जो निघून जातो, त्यानें त्याच्या पाठीवर आणखी एक धोंडा ठेविला. न्यूटनसाहेबांनीं काय केलें? कूपर त्यांच्या घरीं आले आणि एक वर्षाहून अधिक काळ परत जावयास तयार होईनात. न्यूटन पतिपत्नींनीं त्यांस ठेवून घेतलें. प्रवचन दिलें नाहीं. त्यांना एकटें सोडलें नाहीं. पुढें बागकाम, सुतारकाम, पाळलेले ससे आणि कविता ह्यांच्या आधारानें कूपर आणखी पुष्कळ वर्षें जगले, व त्यांनीं उत्तम काव्य लिहिलें.

पालटाचा दुसरा भाग आम्हांस येथें दिसतो. एके काळीं ज्यास दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव तळमजल्यावरून होत नव्हती, तोच मनुष्य आतां एका दुखणाइताच्या शेजारीं महिनेच्या महिने बसत होता. पुस्तकें वाचून ही गोष्ट येत नाहीं. जेवढी दया आपणांवर झाली असें मनुष्यास खरोखर वाटतें, तेवढीच तो दुसऱ्यास देऊं शकतो. आणि तसें वाटण्यासहि वर्षें लागतात.

१७८० सालीं न्यूटनसाहेब लंडन येथील सेंट मेरी वूलनॉथ ह्या मंदिरांत आले. अनेक संकटांत सांपडलेले तरुण त्यांच्याकडे येत. त्यांतील क्लॉडियस ब्यूकॅनन नांवाचा भटका स्कॉटिश तरुण पुढें हिंदुस्थानांत धर्मोपदेशक होऊन आला व कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत अधिकारी झाला. त्याच कॉलेजांत मराठी शिकविणाऱ्या केरीसाहेबांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपूर येथें छापून निघालें. १७८५ च्या डिसेंबरांत विल्यम विल्बरफोर्स हा सव्वीस वर्षांचा पार्लमेंटचा सभासद गुप्तपणें भेटीस आला. त्याचें अंतःकरण जागें झालें होतें, आणि राजकारण सोडावें कीं काय ह्या विवंचनेंत तो होता. न्यूटनसाहेबांनीं त्यास आहे तेथेंच राहण्यास सांगितलें.

आणि त्यानंतर, १७८८ सालीं, वयाच्या बासष्टाव्या वर्षीं, ह्या वृद्ध पाळकानें आफ्रिकेंतील गुलामांच्या व्यापारावर एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. वादळास चाळीस वर्षें झालीं होतीं, शेवटच्या सफरीस चौतीस. इस्राएल लोकांसहि अरण्यांत तेवढींच वर्षें लागलीं होतीं. पुस्तकांत त्यांनीं स्वतःचें नांव लपविलें नाहीं, काळावर ढकललें नाहीं. ही कबुली फार उशिरां येत आहे आणि आपण ज्यांत भाग घेतला त्याच्या स्मरणानें अंतःकरण कांपतें, अशा अर्थाचें लिहून पुढें त्यांनीं साक्षीदाराप्रमाणें सर्व सांगितलें: तळमजल्याची उंची, श्वास कोंडणारी हवा, बेड्या, चाबूक, स्त्रियांवरील जुलूम. पहिल्या वहींतला मजकूर अखेर दुसऱ्या वहीसमोर आला. गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठीं झगडणाऱ्या मंडळानें त्या पुस्तकाच्या प्रती वांटल्या. त्याच वर्षीं प्रिव्ही कौन्सिलपुढें आणि १७९० सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें त्यांनीं साक्ष दिली. जहाजाच्या मालकांस खोटें पाडण्यास दुसरा कोणी पाळक उपयोगी पडला नसता. तेथें त्या धंद्यांतला माणूसच पाहिजे होता.

१७९० च्या डिसेंबरांत मेरीबाई कर्करोगानें वारल्या. साहेबांची दृष्टि व स्मृति मंदावत गेली, तरी ते व्यासपीठ सोडीनात. २५ मार्च १८०७ रोजीं ब्रिटिश जहाजांनीं गुलामांचा व्यापार करण्यास बंदी करणारा कायदा झाला. गुलामगिरी मोडण्याचा कायदा १८३३ सालीं झाला, आणि कंपनी सरकारच्या हिंदुस्थानांतील मुलखास त्यांतून वगळल्यामुळें येथें तो दिवस १८४३ सालीं उगवला. न्यूटनसाहेब २१ डिसेंबर १८०७ रोजीं वारले. १८९३ सालीं त्यांच्या अस्थि लंडनहून ओल्नीस नेऊन पुरण्यांत आल्या. स्मृतिशिलेवरचा मजकूर त्यांनीं स्वतःच लिहून ठेविला होता. आपण एके काळीं नास्तिक व स्वैर होतों, आफ्रिकेंत गुलामांचे चाकर होतों, आणि ख्रिस्ताच्या दयेनें वांचलों, असें त्यांत आहे. तीन सफरींच्या कप्तानीचा उल्लेख त्या शिलेवर नाहीं. तो १७८८ च्या पुस्तकांत आहे, आणि तेथें तो सविस्तर आहे.